मदत हवी आहे: गोधडीतल्या लाल खणाचा रंग जातोय, अस्तर पांढरं आहे

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला राहते. लेक बाळंतपणाला येणार आहे, म्हणून बाळासाठी गोधडी शिवली. अस्तराला माझ्या आजीचं पांढरं सुती नऊवारी, वर जुन्या साड्यांचे चौकोन आणि चारी बाजूंनी जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला लाल खण. सगळा हाताचा धावदोरा. गोधडी अजून धुतलेली नाही. काल ओला पांढरा रुमाल खणावर दाबून पाहिला, तर रुमाल गुलाबी झाला.

खण उसवता येणार नाही, नऊवारी इतकं विरलंय की टाक्याबरोबर फाटेल. आणि बाळाची गोधडी म्हणजे सतत धुणं आलं, शिवाय बाळ ती तोंडातही घालणार. कुणी मीठ सांगतं, कुणी व्हिनेगर, कुणी तुरटी. नक्की काय करू? आजीच्या हातची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे उरली आहे, ती गुलाबी होऊ द्यायची नाही.

प्रतिसाद: आमच्याकडे नवं लुगडं रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे. गरम पाणी अजिबात लावू नका.

प्रतिसाद: ताई, मी डोंबिवली एमआयडीसीत डाईंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मीठ रंगवताना घालतात, रंग पाण्यातून सुताकडे जावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडावर ते रंग पक्का करत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर-रेशमाच्या रंगांना, सुताला नाही. तुरटी वनस्पतीच्या रंगांसाठी, तीही रंगवण्याआधी.

सुती कापडाला बहुतेक वेळा रिअ‍ॅक्टिव्ह रंग असतो. हे रंग १९५६ साली बाजारात आले. ते सुताशी रासायनिक बंध करतात, पण थोडा रंग पाण्याशीच संयोग पावून नुसता धाग्यावर बसून राहतो. तो काढायला आम्ही उकळत्या साबणाच्या पाण्यात कापड धुतो, त्याला सोपिंग म्हणतात. ते घाईत उरकलं की ग्राहकाच्या बादलीत रंग उतरतो. हा सुटा रंग थंड पाण्यात नीट निघत नाही, गरम पाण्यातच निघतो.

आधी खणाचा एक धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर त्यात रेशीम आहे, मग गरम पाणी नको, इथे परत विचारा. कागदासारखा वास आला तर टबमध्ये हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी भरपूर घ्या, ब्लीच नसलेलं लिक्विड डिटर्जंट घाला आणि गोधडी पूर्ण बुडवा. एकही कोपरा वर राहू देऊ नका, तिथे रंग चढून डाग बसतो. पाणी लाल दिसलं तरी घाबरू नका. भरपूर पाण्यात रंग विरळ होतो आणि साबण त्याला परत कापडावर बसू देत नाही. पाणी गार झालं की बदला, स्वच्छ येईपर्यंत.

किती वेळा बदलूनही रंग तसाच येत राहिला तर तो डायरेक्ट रंग असेल. त्याला बंध नसतोच, दर धुण्याला थोडा जात राहतो. मग रंग पक्का करायचं डाय फिक्सर लागेल, पण बाळाच्या कपड्याला ते लावावं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा किनार बदललेली बरी.

धागाकर्ती: दादा, फार आभार. खणाचा उरलेला तुकडा आहे, त्याचा धागा जाळला. वास कागदासारखाच आला. आता टबाचं बघते. पण या पावसात वाळवायची कशी?

प्रतिसाद: मी नेरूळची, गोधड्या शिवते. सगळ्यात जास्त जपायचं ते इथेच. दोरीवर दुमडून टाकू नका, पाणी खालच्या काठाला साचतं आणि रंगही तिकडेच सरकतो. पिळू नका. जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा, मग कोरड्या चादरीवर सपाट पसरून रात्रभर पंखा. अस्तर वरच्या बाजूला ठेवा म्हणजे डाग आला तर लगेच दिसेल. दिसलाच तर वाळू न देता परत टबात, आणि पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय इस्त्री नको. आधी तो उरलेला तुकडा पांढऱ्या चिंधीला टाचून याच पद्धतीने धुऊन बघा. चिंधी पांढरी राहिली तरच गोधडीला हात लावा.