जीडीबीची मल्टिथ्रेड चाचणी कधी पास, कधी फेल – मदत हवी आहे

भट्टीवाली
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका छोट्या ऑफिसात काम करते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रींसाठी भट्टीचं तापमान, वीज, थंड पाण्याचा दाब यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम आम्ही बनवतो. सी प्लस प्लस, उबुंटू, प्रत्येक सेन्सरला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामाची एक धारा. साइटवर प्रोग्राम अडकला की तिथल्या पोरांनी एक बटण दाबावं आणि सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस (कोण कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्याची यादी) आमच्याकडे यावा, म्हणून जीडीबी या डिबगरवर, म्हणजे प्रोग्राम थांबवून आत डोकावणाऱ्या साधनावर, एक फ्रंट-एंड चढवलाय. तो द्यायच्या आधी डिबगर थ्रेड नीट हाताळतो का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलंय.

चाचणीचा प्रोग्राम साधा आहे. मेन ४ थ्रेड सुरू करतो, चौघेही 'काम' नावाचं फंक्शन कॉल करतात, तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण. स्क्रिप्ट धरून चालते की आधी थ्रेड २ थांबेल (१ म्हणजे मेन), कंटिन्यू दिल्यावर ३, मग ४, मग ५. जुन्या २ कोअरच्या लॅपटॉपवर हे बिनबोभाट पास होतं. नव्या ८ कोअरच्या मशीनवर कधी ३ आधी, कधी ५.

दुसरी भानगड: थ्रेड २ मध्ये नेक्स्ट दिलं की पुढच्या ओळीवर जायचं सोडून 'स्विचिंग टू थ्रेड' असं छापून डिबगर थ्रेड ४ मध्ये जाऊन बसतो. शेड्युलर-लॉकिंग (बाकीचे थ्रेड रोखून धरायची सेटिंग) ऑन केल्यावर उडी थांबली, पण मेनमधल्या पीथ्रेड-जॉइनवर (थ्रेड संपायची वाट बघणारा कॉल) नेक्स्ट दिलं की सगळं ठप्प. हा जीडीबीचा बग समजायचा का?

कट्टेकरी
अहो ताई, ४ प्रिंटएफ मारून काय चाललंय ते छापा की. डिबगरचा नाद कशाला?

भट्टीवाली
प्रिंटएफ टाकला की दुखणंच गायब होतं. सगळे थ्रेड एसटीडीआउटच्या (छापायच्या वाटेच्या) एकाच लॉकसाठी रांगेत उभे राहतात आणि टायमिंग बदलतं. शिवाय मला डिबगर तपासायचाय, प्रोग्राम नव्हे.

सिग्ट्रॅप
बग नाही. तुमची स्क्रिप्ट जीडीबी तपासतच नाहीये, लिनक्सचा शेड्युलर (कुठला थ्रेड कधी पळेल ते ठरवणारा) तपासतेय.

जीडीबी मुळात ऑल-स्टॉप पद्धतीने चालतो. एक थ्रेड ब्रेकपॉइंटला लागला की सगळे थांबतात, कंटिन्यू दिलं की सगळे सुटतात. कोण आधी पोचेल ते कर्नलमधला हाच शेड्युलर ठरवतो. २ थ्रेड एकदमच लागले तर जीडीबी एकाची बातमी देतो, दुसऱ्याची मागे राखून ठेवतो, आणि कुणावर अन्याय नको म्हणून निवड रँडम करतो. त्यामुळे क्रम तपासूच नका. प्रत्येक थ्रेडला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या, थांबल्यावर तो प्रिंट करा आणि चौघे एकेकदा दिसले का एवढंच पाहा. जीडीबीचा थ्रेड नंबर त्याला थ्रेड ज्या क्रमाने सापडले तसा पडतो, त्यावर विसंबू नका. पीथ्रेडने नाव दिलंत तर इन्फो थ्रेड्समध्ये तेही दिसतं, फक्त १५ अक्षरांत बसवा, तीही इंग्रजी. देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट खातं.

आता खरी चाचणी कुठली, ते सांगतो. एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी सीसी हा बाइट. त्यावरून पुढे जायचं तर मूळ सूचना चालवावी लागते. त्यासाठी तो बाइट क्षणभर काढला आणि बाकीचे थ्रेड मोकळे असले, तर एखादा तेवढ्यात निसटतो. म्हणून जीडीबी एक तर बाकीच्यांना थांबवून ठेवतो, नाही तर सूचनेची प्रत दुसऱ्या जागी नेऊन तिथे चालवतो. हे नीट होतंय का ते असं पाहा: 'काम'मध्ये १०० फेऱ्यांचा लूप टाका, लूपच्या आत ब्रेकपॉइंट लावा, त्याला इग्नोर काउंट १००००० द्या आणि रन करा. प्रोग्राम संपल्यावर इन्फो ब्रेकपॉइंट्स बघा. ४ थ्रेड गुणिले १०० फेऱ्या, म्हणजे 'ऑलरेडी हिट ४०० टाइम्स' दिसायलाच हवं. ३९९ दिसलं तर मात्र बग म्हणा.

टांगलेली चाचणी रात्रभर मशीन अडवून बसू नये म्हणून मेनच्या सुरुवातीला अलार्म लावा. वेळ संपली की त्याचा सिगअलार्म हा सिग्नल येतो; त्यावर जीडीबी मध्ये पडत नाही, सिग्नल सरळ प्रोग्रामला जातो आणि तो मरतो.

भट्टीवाली
४०० बरोबर येतायत, दोन्ही मशीनवर. खूप आभार! पण नेक्स्टच्या उडीचं आणि जॉइनचं काय?

सिग्ट्रॅप
उडी म्हणजे तुम्ही २ मध्ये पाऊल टाकत असताना ४ ब्रेकपॉइंटला लागला, एवढंच. शेड्युलर-लॉकिंग ऑन असलं की फक्त चालू थ्रेड पळतो. मग जॉइन ज्यांची वाट बघतंय त्यांना संपायला मुभाच नाही, अडकणारच. शेड्युलर-लॉकिंगला 'स्टेप' हा पर्याय ठेवा. स्टेप आणि नेक्स्टला बाकीचे गोठतात, कंटिन्यूला सगळे पळतात. म्युटेक्सच्या (थ्रेडमधल्या कुलुपाच्या) किंवा जॉइनच्या ओळीवर नेक्स्ट देऊ नका, पुढच्या ओळीवर तात्पुरता ब्रेकपॉइंट लावून कंटिन्यू करा.

लॉकिंग खरंच पाळलं जातंय का, हे बघायला जीडीबीच्या सोर्समधला जीडीबी-डॉट-थ्रेड्स हा फोल्डर उघडा. तिथली शेडलॉक चाचणी प्रत्येक थ्रेडला एक काउंटर देते आणि आधी-नंतरचे आकडे ताडून पाहते. लॉकिंग ऑन असताना एकच आकडा वाढला पाहिजे. डेजाग्नू (चाचण्या चालवायची चौकट) आणि टीसीएल भाषेत लिहिलंय, पण वाचून कळतं.

पंचगंगा_कोडर
चाचणी राहू दे, साइटचं आधी बघा. चालू प्रोग्रामला जीडीबी ऑल-स्टॉपमध्ये अटॅच केलंत, म्हणजे जोडलंत, की सेन्सरचे सगळे थ्रेड थांबतात. भट्टी चालू असताना पोरांना थेट जीडीबी देऊच नका. बटणाने अटॅच, 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' (सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस), डिटॅच एवढंच करा आणि किती वेळ थांबलं ते मोजा. तेवढंही परवडत नसेल तर नॉन-स्टॉप मोड (एक थ्रेड थांबला तरी बाकीचे पळतात), तो अटॅचच्या आधीच लावायचा आणि अटॅच '&' जोडून द्यायचं, नाही तर सगळे थ्रेड थांबतातच. आणि उबुंटूवर पीट्रेस-स्कोप ही सुरक्षेची सेटिंग १ असते, म्हणजे साध्या युजरला दुसऱ्या चालू प्रोसेसला अटॅच करता येत नाही. साइटवर पहिला फोन त्याचाच येईल.

भट्टीवाली
हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं, उद्याच बोलते. आणखी एक: फ्रंट-एंड सध्या 'स्विचिंग टू थ्रेड' ही ओळ वाचून थ्रेड ओळखतो. चालेल का?

सिग्ट्रॅप
नको. ती ओळ माणसांसाठी आहे, थ्रेड बदलला तरच छापली जाते. जीडीबी एमआय इंटरप्रिटरवर चालवा, म्हणजे उत्तरं दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येतील अशी येतात. त्यात प्रत्येक स्टॉपबरोबर थांबलेल्या थ्रेडचा आयडी येतो आणि स्टॉप्ड-थ्रेड्स या रकान्यात कोणकोण थांबलंय तेही. ऑल-स्टॉपला तिथे 'ऑल' दिसेल.