व्हाट्सअ‍ॅपवर आलेला युद्धातला व्हिडिओ कोर्टात पुरावा म्हणून चालते का?

वणीकडचा_शेतकरी
राम राम मंडळी. परवा रात्री गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, हात मागं बांधलेली माणसं गुडघ्यावर बसवलेली अन् मागून गोळ्या. कोणता देश, कोणतं साल, काहीच लिहून नाही. अर्धे म्हणे खरा, अर्धे म्हणे एआयचा. अ‍ॅडमिननं डिलीट केला, मीबी काढून टाकला कारण मोबाईल लेकरं पाहतात. पण त्यातला एक माणूस शेवटी मान वळवून कॅमेऱ्याकडं पाहते, ते काही डोळ्यापुढून जात नाही. अशा व्हिडिओवरून कोणाले शिक्षा होते का? माहीत असन तं सांगा.

तालुका_वकील
होते भाऊ. सीरियात २०१२ मध्ये पकडलेल्या सैनिकांले असंच ओळीनं मारलं होतं, त्या व्हिडिओत दिसलेला एक जण पुढं स्वीडनमध्ये सापडला अन् २०१७ मध्ये तिथल्या कोर्टानं त्याले जन्मठेप दिली. त्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं लिबियातल्या एका लढाऊ तुकडीचा कमांडर महमूद अल-वेरफल्ली याच्यावर वॉरंट काढलं, ७ घटना, ३३ माणसं मारल्याचा आरोप, अन् मोठा आधार सोशल मीडियावरचे व्हिडिओच. २०२१ मध्ये तो मारला गेला, खटला उभा राहिलाच नाही, याचं मले आजही वाईट वाटते.
आपल्याकडंबी नुसता व्हिडिओ दाखवून भागत नाही. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्ज दुपारी तीनच्या आत भरला का नाही, हा वाद अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओवर गेला होता, तवा सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं का मूळ यंत्र हजर नसन तं कॉपी कोणत्या यंत्रातून कशी काढली हे लिहून देणारं सर्टिफिकेट लागतेच. आता नव्या साक्ष कायद्यात कलम ६३ आहे, त्यात हॅशबी द्या लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा, एक कण बदलला का सगळा अंगठा बदलते.

निवृत्त_तलाठी
पण तो व्हिडिओ कुठला हे कसं ठरवतात ते ऐका, मले त्यातच लय रस आहे. आपण पंचनाम्यात चतुःसीमा लिहितो ना, पूर्वेले नाला, पश्चिमेले अमक्याचं वावर, तसंच करतात. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात सैनिकांनी दोन बाया अन् दोन लेकरं मारली, व्हिडिओ २०१८ मध्ये बाहेर आला, सरकार म्हणे खोटा आहे. बीबीसीच्या लोकांनी मागची डोंगराची रांग उपग्रहाच्या फोटोशी जुळवून जागा काढली, झेलेवेत गावाजवळची. मंग वाटेवरच्या घरांवरून अन् माणसांच्या सावलीवरून वेळ काढली, २०१५ चा मार्च संपता संपता नाही तं एप्रिल लागता लागता. आपण कडुनिंबाची सावली ओट्याच्या कोणत्या पायरीवर आली ते पाहून तीन वाजले म्हणतो, हिशोब तोच. २०२० मध्ये चार सैनिकांले १० वर्षं झाली.

वणीकडचा_शेतकरी
तलाठीकाका, आता समजलं. माह्या गारपिटीच्या फोटोचंबी असंच झालं होतं. व्हाट्सअ‍ॅपवरून पाठवले तं विमावाला म्हणे यात तारीख नाही, जागा नाही, अन् मूळ फोटो मी जागा मोकळी कराले उडवून टाकले होते.

शिक्षिका_आर्वी
दादा, व्हाट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते अन् आतली माहिती गळून जाते, पाठवायचाच असन तं डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डिलीटचं दुखणं मोठ्यांकडंबी आहेच. २०१७ मध्ये यूट्यूबच्या मशीननं सीरियातले हजारो व्हिडिओ हिंसा म्हणून काढून टाकले, लोकांनी जीव धोक्यात घालून काढलेले, असे व्हिडिओ जपून ठेवणाऱ्या सीरियन अर्काइव्ह नावाच्या गटानं आधीच उतरवून ठेवले होते म्हणून त्यातले काही वाचले. नेटवरचे व्हिडिओ पुरावा म्हणून कसे जमवावे अन् तपासावे याचे नियम बर्कले विद्यापीठ अन् युनोच्या मानवाधिकार कार्यालयानं २०२० मध्ये काढले, त्याले बर्कले प्रोटोकॉल म्हणतात. पुन्हा असं काही आलं तं फॉरवर्ड करू नका, त्या मेलेल्या माणसाच्या घरचेबी कुठंतरी मोबाईल पाहत असतीन. फक्त मूळ कोणी टाकलं, कधी, त्याची लिंक, एवढं जपून ठेवा, अन् लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

वणीकडचा_शेतकरी
ग्रुपवर ज्यानं टाकला त्याले आत्ताच फोन केला ताई. त्याच्याजवळ अजून आहे, त्याले म्हटलं उडवू नको, अन् तुले कोणाकडून आला ते पाहून सांग. पुसदच्या कोण्या पोराकडून आला म्हणते. त्याचा नंबर मागितला.