मदत हवी आहे : पुरात भिजलेल्या फोटोची दुरुस्ती कुठवर करावी?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील आमच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले, तेव्हा पणजोबांचा एकमेव कृष्णधवल फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून खराब झाला. मूळ प्रत तशीच जपून मी ती ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन केली आणि गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील क्लोन टूलने (फोटोचाच चांगला भाग उचलून खराब जागी बसवणाऱ्या साधनाने) डाग व चिरा काढल्या. इथवर मनाला काही खटकले नाही. मात्र डावा डोळा पूर्ण पुसला गेला असून, एआयने भरून दिलेला डोळा कितीही सुबक असला तरी तो त्यांचा नाही. फोटो घराण्याच्या स्मरणिकेत छापायचा आहे आणि नातेवाइकांकडे दुसरी प्रत नाही. अशा वेळी तो भाग रिकामाच ठेवावा, की उजव्या डोळ्याची आरशातल्यासारखी उलटी प्रत बसवून फोटोखाली तसे स्पष्ट लिहावे, आणि लिहायचे तर नेमक्या कोणत्या शब्दांत?