शेवट मवाळ नाहीच!
आधीच्या प्रतिसादात म्हटलंय की बायकोच्या खुनासाठी दोषी ठरून फरार झालेल्या डॉ. किंबलचा पाठलाग करणारा अमेरिकी मार्शल जेरार्ड शेवटी विरघळतो, म्हणून 'द फ्युजिटिव्ह' (१९९३) हा सिनेमा गुळमुळीत संपतो. मला हे अजिबात पटलं नाही. धरणाच्या बोगद्यात किंबल जीव तोडून सांगतो की मी बायकोला मारलं नाही, तेव्हा जेरार्डला त्याचं काही पडलेलं नसतं. पण नंतर तोच पुरावे तपासत जातो आणि हॉटेलच्या लाँड्रीत ओरडून सांगतो की तू निर्दोष आहेस! शिकागोचे पोलीस मात्र किंबलला गोळी घालायलाच टपलेले असतात. नव्वदच्या दशकातल्या मुंबईत एन्काउंटरच्या बातम्या वाचत वाढलेल्या मला हा फरक फार मोठा वाटतो. शेवटी जेरार्डने गाडीत किंबलच्या बेड्या काढून त्याला बर्फाची पिशवी देणं या निर्दोषत्वाच्या खात्रीतूनच येतं. जेरार्ड साकारणाऱ्या टॉमी ली जोन्सला ऑस्कर मिळालं ते रास्तच.