मदत हवी आहे: अंगणात केसाळ लाल मुंगी, कशाने मारू?

अंगणवाली:
आज परत दिसली. लाल-काळी, अंगभर मऊ केस, एकटीच असते आणि भयंकर पळते. मुंग्यांची पावडर टाकली, काही फरक नाही. चपलेने दाबली तरी मेली नाही, उलट किर्र असा आवाज करून निसटली. मुलगी दोन वर्षांची आहे, अनवाणी खेळते तिथे. विषारी आहे का? लवकर सांगा प्लीज.

रानवाटा:
फोटो आहे का? आकार किती? पंख? पाय सहा की आठ?

मृगधारा:
मखमली किडा असणार. पाऊस पडला की निघतो. निरुपद्रवी आहे, मुलीला खुशाल हातावर घेऊ द्या.

रानवाटा:
मृगधारा, असा सल्ला देऊ नका हो. मखमली किडा कोळ्यांच्या नात्यातला, आठ पायांचा, अख्खा लाल आणि संथ. इथे लाल-काळी, पळणारी, वर आवाज करणारी असं लिहिलंय. हातावर अजिबात नको.

अंगणवाली:
पाय मोजायला थांबते कुठे ती! पंख नाहीत. नखाएवढी असेल. मारायचं काय ते सांगा ना कोणीतरी.

सोपेउपाय:
साखरेत बोरिक पावडर मिसळून वारुळाच्या तोंडाशी ठेवा. कामकरी मुंग्या ते आत नेतात, राणी मेली की सगळं वारूळ संपतं. आमच्याकडे हमखास लागू पडलंय.

कीटकवेडा:
इथे वारूळही नाही आणि राणीही नाही, त्यामुळे आमिष कोणी नेणार नाही. वर्णनावरून ही मखमली मुंगी दिसतेय, म्हणजे म्युटिलिडी कुळातली बिनपंखी गांधीलमाशी. मादीला पंख नसतात म्हणून मुंगी वाटते. मुंगीच्या कमरेवर गाठ असते आणि मिशा कोपरातून वाकलेल्या असतात, हिचं तसं नसतं. कवच इतकं टणक की मऊ मातीवर चपलेने दाबून काही होत नाही. किर्र आवाज पोटाचे खवले एकमेकांवर घासून काढते, दूर राहा म्हणून. डंख मात्र जबर असतो, तेव्हा मुलीला आधी बूट घाला.
आता एक सांगा, आसपास मोकळ्या मातीत भोकं आहेत का?

अंगणवाली:
आहेत की, कुंपणाजवळ रेताड जागेत बारीक बारीक. त्यांच्यावर पिवळ्या-काळ्या माश्या घिरट्या घालतात. पण त्याचा काय संबंध? मी मुंगीचं विचारतेय.

कीटकवेडा:
सगळा संबंध तिथेच आहे! त्या जमिनीत घर करणाऱ्या एकांड्या मधमाश्या किंवा गांधीलमाश्या असणार. मखमली मुंगी स्वतः घर बांधत नाही. दुसरीचं बीळ हुडकते, आतली कोठडी फोडते, पूर्ण वाढलेल्या अळीवर किंवा कोषावर अंडं घालते आणि कोठडी पुन्हा बुजवते. तिची अळी मग त्या यजमानालाच खाते. म्हणजे ही बिळं आहेत तोवर एक मारलीत तरी दुसरी येत राहील.

मधुबन:
मग तर मारलीच पाहिजे. माश्यांची पिल्लं खाणारीला कसली दया?

रानवाटा:
मधुबन, त्या घिरट्या घालणाऱ्यांत फिलँथस नावाची गांधीलमाशी निघाली तर? ती धडधाकट मधमाशी पकडून आपल्या अळ्यांना खाऊ घालते. कोणाची बाजू घेणार मग? हिच्यावरच प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक टिनबर्गन यांनी १९३०च्या दशकात प्रयोग केले. बिळाभोवती पाइनच्या बोंडांचं कडं केलं आणि ती शिकारीला गेल्यावर कडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी बीळ सोडून कड्याच्या मधोमध शोधत बसली! टिनबर्गन यांना पुढे १९७३ साली नोबेल मिळालं.

खिडकीपाशी:
विषय निघालाच आहे तर, आमच्या खिडकीच्या चौकटीत मातीचं घर आहे. फोडलं तर आत नुसते कोळी, मेलेले पण मऊ. कोणाचं?

कीटकवेडा:
कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी. कोळी मेलेले नाहीत, डंखाने लुळे केलेले आहेत, म्हणून अळीला ताजे मिळतात. छोट्या तोंडाचं मडकं असतं आणि आत सुरवंट निघाले असते तर ती दुसरी कुंभारीण. ती आधी रिकाम्या मडक्यात धाग्याला अंडं टांगते आणि मग सुरवंट भरते.

मधुबन:
गाय मारते म्हणतात ती ही मखमली मुंगीच ना? आणि अंगणात ठेवायची?

कीटकवेडा:
'गाय मारणारी' हे नाव उत्तर अमेरिकेतल्या डॅसिम्युटिला ऑक्सिडेंटॅलिस या जातीचं. गाय वगैरे मरत नाही. कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांच्या डंखाच्या वेदनेच्या मोजपट्टीत (कमाल ४) मधमाशीला २ आणि तिला ३. दुखतं खूप, पण विष त्या मानाने सौम्य. आणि वारुळासारखं राखायला काही नसल्याने ती अंगावर धावून येत नाही. पायाखाली सापडली किंवा चिमटीत धरली तरच डंख मारते.

रानवाटा:
अंगणवाली, डंख झालाच तर बर्फ लावा. ओठ किंवा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली तर थेट डॉक्टर, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. खेळायच्या जागी गवत दाट वाढू द्या. उघडी कोरडी माती राहिली नाही तर बिळं कमी होतील, आणि ती कमी झाली की हिचं येणंही.

सोपेउपाय:
किंवा बिळांत रॉकेल ओता, एका दिवसात काम होतं.

रानवाटा:
जिथे दोन वर्षांची मुलगी मातीत खेळते तिथे रॉकेल? कृपया नको.

अंगणवाली:
बूट घातले. रॉकेल ओतणार नाही. पण काल रात्री दिव्यापाशी तसंच केसाळ काहीतरी आलं होतं, पंखवालं. ती उडायला लागली की काय?

कीटकवेडा:
मादीला पंख फुटत नाहीत. काही जातींचे नर रात्री दिव्यावर येतात, तो असू शकेल. नांगी म्हणजे अंडी घालायच्या नळीचंच बदललेलं रूप, त्यामुळे नराला ती नसतेच. फोटो टाका, म्हणजे नक्की सांगता येईल.