बाणाने विचारावं, की पेटीने ठरवावं?

धागा: गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये छोटा गेम करतोय. पेटता बाण लाकडी पेटीला लागला की पेटी जळते, दगडाला लागला की बाण खाली पडतो, राक्षसाला लागला की त्याची हेल्थ कमी होते. हे सगळं बाणाच्याच स्क्रिप्टमध्ये आहे: समोरचा नोड (गोडोत गेममधली प्रत्येक वस्तू नोडची असते) 'शत्रू' ग्रुपमध्ये, म्हणजे त्या नावाच्या गटात, आहे का, नसेल तर 'लाकूड' ग्रुपमध्ये आहे का, अशी इफ-एलिफची साखळी. माझ्या मते हेच बरोबर. बाण कसा वागतो ते कळायला एकच फाइल उघडावी लागते.

प्रतिसाद १: साफ असहमत. उद्या बर्फाचा बाण आला, तेलाचं पिंप आलं, की प्रत्येक बाणात प्रत्येक वस्तूची फांदी लिहीत बसाल. पेटीला 'आग लागली' असं फंक्शन द्या. बाणाने हॅज मेथड या गोडोच्या तयार फंक्शनने ते आहे का एवढंच बघावं आणि बोलवावं. जळायचं कसं ते पेटीचं काम.

धागाकर्ता: हॅज मेथडला नाव मजकूर म्हणून द्यावं लागतं. पेटीतलं नाव बदललं आणि बाणात जुनं राहिलं, तर एरर येत नाही, गुपचूप फॉल्स, म्हणजे 'नाही' असं उत्तर, येतो आणि पेटी ढिम्म. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

प्रतिसाद १: मग ग्रुपचं नाव काय वेगळं आहे? 'लाकूड'चं 'लाकुड' झालं तरी तोच फॉल्स!

धागाकर्ता: मान्य. पण लेव्हल बनवणारा माझा मित्र कोड लिहीत नाही. तो एडिटरमध्ये नोडला ग्रुप लावतो आणि वस्तू जळायला लागते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद २: मी युनिटी या दुसऱ्या इंजिनवाला. आमच्याकडे एका ऑब्जेक्टला टॅग, म्हणजे ओळखीचं लेबल, एकच. हल्ला करणारा लाकडी पुतळा असेल तर 'शत्रू' लावायचा की 'लाकूड'? म्हणून मी ट्राय गेट कंपोनंट हे फंक्शन वापरतो, युनिटी २०१९.२ पासून आहे. कंपोनंट म्हणजे ऑब्जेक्टला जोडायचा तुकडा. 'ज्वलनशील' कंपोनंट असेल तर थेट हातात येतो, आणि टाइपचं नाव चुकलं तर कोड कम्पाइलच होत नाही, गेम चालवायच्या आधीच एरर येतो. कंपोनंट एडिटरमधूनही लावता येतो, तुमच्या मित्राचंही अडणार नाही.

धागाकर्ता: गोडोत एक नोड कितीही ग्रुपमध्ये राहू शकतो. पुतळ्याची अडचण आम्हाला नाही.

प्रतिसाद १: आहे. तुमची साखळी 'शत्रू'वरच थांबेल. पुतळा मार खाईल, पण पेटणार नाही. करून बघा.

धागाकर्ता: आत्ता करून बघितलं. खरंच पेटत नाही. एलिफ काढून सगळे इफ सुटे केले. आता हेल्थही कमी होते आणि पेटतोही. ग्रुप मात्र सोडणार नाही.