बाह्यवळण रस्ता अर्धाच खुला झाला, बोगदा बंद. ऊस बाहेर काढायचा कसा? मदत हवी आहे

खोडवा_पाच_एकर
नमस्कार. आमच्या गावाबाहेरून जाणाऱ्या बाह्यवळण रस्त्याचा एक टप्पा गेल्या महिन्यात वाहतुकीला खुला झाला, परंतु मधला तुकडा आणि आमच्या शेताजवळचा बोगदा तसाच अर्धवट सोडून ठेकेदाराची यंत्रे निघून गेली. जुनी पाणंद भरावाखाली गाडली गेली आहे. ऊसतोड लागली की डबल ट्रॉली गावठाणातून चार किलोमीटरचा वळसा घालून न्यावी लागते आणि चावडीजवळच्या वळणावर ती फिरत नाही. मागच्या हंगामात चिटबॉयने (तोडणीची पाळी ठरवणारा कारखान्याचा माणूस) याच कारणाने आमचा फड शेवटी ठेवला. तोवर उसाला तुरे आले आणि वजन गेले. कार्यालयात तीनदा जाऊन आलो, तिथे ‘काम टप्प्याटप्प्याने होईल’ एवढेच उत्तर मिळते. हा बोगदा कोणत्या कायद्याने आणि किती दिवसांत खुला करून घेता येईल, ते नेमके सांगावे. वर्तमानपत्रात बातमी द्या, असे कृपया कोणी सुचवू नये.

निवृत्त_ओव्हरसिअर
दादा, आपण मूळ गोष्टच लिहिलेली नाही. रस्ता कोणाचा आहे? नव्या टप्प्यावर किलोमीटरचे दगड बसवले असतील तर त्यांचा माथा पाहा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. दोन्हींचे अर्ज वेगवेगळ्या दारात जातात, आणि चुकीच्या दारात दिलेला अर्ज नुसता फिरत राहतो. शिवाय मधला तुकडा किती मीटरचा आहे, तो कशामुळे अडला आहे आणि ज्याला आपण बोगदा म्हणता त्याची आतली उंची किती आहे, हेही कळवावे.

किणी_नाका_रोजचा
राष्ट्रीय महामार्ग असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास काढावा. तो १५ ऑगस्ट २०२५ ला तीन हजार रुपयांत सुरू झाला; वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर तो चालतो. मला त्याचा फार फायदा झाला आहे.

खोडवा_पाच_एकर
तो पास खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे, आणि माझ्याकडे ट्रॅक्टर आहे. दगड अजून बसवलेले नाहीत. मधल्या तुकड्याचा येथे काय संबंध, ते समजले नाही. माझा प्रश्न बोगद्याचा आहे.

पंचगंगाकाठ
मुळात भराव घालून रस्ते बांधणे हीच चूक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, आणि आम्ही काठावरचे लोक तेव्हापासून सांगत आहोत की पूरपट्ट्यात कमानी किंवा खांबांवरचा रस्ता हवा. आपल्याकडे आधी काम सुरू होते आणि परवानग्या नंतर आठवतात. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधताना शेजारची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्मारक आहे, हा मुद्दा काम बरेच झाल्यावर पुढे आला. पुरातत्त्व कायद्याने स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असल्यामुळे ते काम दीर्घकाळ रखडले आणि तोवर वाहतूक जुन्याच पुलावरून चालू राहिली.

समृद्धीने_आलो
टप्प्याटप्प्याने खुले करण्यात वाईट काय आहे? समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पुढचे दोन टप्पे मे २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये. पूर्ण ७०१ किलोमीटर होईपर्यंत सगळेच बंद ठेवले असते तर अडीच वर्षे लोकांना काहीच मिळाले नसते.

निवृत्त_ओव्हरसिअर
तुलना चुकते आहे. तिथला प्रत्येक टप्पा अशा ठिकाणी संपवला होता, जिथून वाहन दुसऱ्या मोठ्या रस्त्याला लागू शकत होते. गावाच्या बाह्यवळणाचा टप्पा मध्येच संपला की सगळी वाहतूक गावठाणात शिरते, म्हणजे ज्या कारणासाठी रस्ता बांधला तेच कारण आणखी तीव्र होते. माझ्या नोकरीत असे दोनदा पाहिले आहे: उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा टँकर आणि एसटी गल्लीत समोरासमोर उभ्या. उरलेल्या कामांची यादी जोडून तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला देण्याची सोय करारात असते, आणि ती सोय वाईट नाही. परंतु आपला बोगदा त्या यादीत आहे की नाही हे आपल्याला माहीत नसेल, तर कायदा विचारून उपयोग नाही.

खोडवा_पाच_एकर
घरातील कागद काढून पाहिले. वडिलांना आलेल्या नोटिशीत कलम ३ (डी) आणि ३ (जी) असा उल्लेख आहे. मधला तुकडा सुमारे तीनशे मीटरचा आहे. तिथला जमिनीचा गट आमचा आणि चुलत्यांचा सामाईक आहे. मोबदल्याच्या वाटणीवरून घरात वाद आहे आणि चुलत्यांनी यंत्रे अडवली आहेत. परंतु बोगदा त्या गटात येत नाही.

निवृत्त_ओव्हरसिअर
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते, दादा.

कोर्टाची_पायरी
ही कलमे राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ ची आहेत, त्यामुळे दगडाची वाट पाहण्याची गरज नाही. ३ (डी) ची अधिसूचना निघाली त्याच वेळी जमीन केंद्र सरकारकडे निहित झाली, म्हणजे सरकारच्या मालकीची झाली. मोबदल्याची रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा झाल्यावर ताब्यासाठी साठ दिवसांची नोटीस देता येते. रक्कम कमी वाटत असेल तर ३ (जी) (५) खाली लवादाकडे जाता येते, आणि वाटणीचा वाद असेल तर ३ (एच) (४) प्रमाणे तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे पाठवला जातो. म्हणजे भाऊबंदकी हे रस्ता थांबवण्याचे कायदेशीर कारण होत नाही. आपले हक्क राखून ठेवल्याचे लिहून देऊन ताबा द्यावा आणि पैशांचे भांडण न्यायालयात चालू द्यावे. कदाचित त्याच तुकड्यावरून आपली ट्रॉलीही जाऊ शकेल.

चौपट_हवेच
ताबा देऊ नये! रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चोकाक ते अंकली पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी चौपट मोबदल्याची मागणी लावून धरली म्हणून तरी त्यांचे म्हणणे ऐकले गेले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागासाठी बाजारभावाला लावायचा एक ते दोन असा गुणक आहे आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे. गुणक दोन धरला तर चौपट, एक धरला तर दुप्पट. २०२१ मध्ये राज्याने महामार्गांसाठी गुणक एकवर आणला, तिथेच शेतकऱ्याचे नुकसान झाले.

कोर्टाची_पायरी
तो लढा दराचा आहे, यांचा वाद वाटणीचा आहे. दोन्ही एकाच टोपलीत घालू नयेत. यांनी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून मंजूर नकाशा आणि उरलेल्या कामांची यादी मागावी. त्याच कायद्याच्या कलम २ (जे) प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणीही करता येते.

समृद्धीने_आलो
अर्जाच्या उत्तराची तीस दिवस वाट पाहण्यापेक्षा थेट जिल्हाधिकाऱ्यांना भेटावे. माझ्या मेहुण्यांचे काम तसेच झाले.

निवृत्त_ओव्हरसिअर
भेटायला जरूर जावे, पण हातात नकाशा असल्याशिवाय जाऊ नये. आणि उंची अजून कळलेली नाही.

खोडवा_पाच_एकर
उंची काल संध्याकाळी बांबू धरून मोजली. दोन मीटर ऐंशी सेंटीमीटर भरली. खाली गाळ आहे आणि ओढ्याचे पाणी त्यातूनच वाहते. एका भिंतीवर लाल रंगात ‘१ × ३ × ३’ असे लिहिलेले आहे. याचा अर्थ काय होतो?

निवृत्त_ओव्हरसिअर
एक गाळा, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच. तो बोगदा नव्हे, ओढ्याची मोरी आहे, आणि ती अर्धवट नसून पूर्ण झालेली आहे. तिच्यातून भरलेली ट्रॉली कधीच जाणार नाही, मग आपण कोणत्याही कायद्याने भांडा.

खोडवा_पाच_एकर
दोन वर्षे सगळे गाव तिला बोगदाच म्हणत आहे. माहिती अधिकाराचा अर्ज आज टपालाने पाठवला. बोगदा किंवा सेवा रस्ता नकाशात मुळात दाखवला आहे का, एवढेच विचारले आहे. चुलत्यांशी बोलण्यासाठी आईला पुढे केले आहे. अर्जात गट क्रमांक दिला, तो पुरेल ना?

निवृत्त_ओव्हरसिअर
पुरणार नाही. रस्त्याच्या नकाशावर सगळे साखळी क्रमांकाने, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराने शोधतात. उद्या जाऊन मोरीच्या कठड्यावर तो रंगवला आहे का पाहा आणि पुरवणी अर्ज द्या.